शिट्टीच्या आधी

"दुर्वे, पाय हलवायचा बंद कर. माझा गिअर हलायलाय."

सुमनआत्याने रस्त्यावरची नजर न काढता मला दटावलं. मी पाय थांबवला. मग बोटं खिडकीच्या काचेवर वाजायला लागली. तीही थांबवली, तर जीभ आपोआप दात मोजायला लागली. शर्यतीच्या दिवशी माझं शरीर माझ्या ताब्यात नसायचंच.

मिरजेहून आम्ही पहाटे पाचला निघालो होतो. सुमनआत्या ही माझी आत्या नव्हे, केतकीची. तिची रोपवाटिका आहे, आणि तिची चार दारांची पिकअप ही आमची त्या मोसमातली बस, हॉटेल आणि कपडे बदलायची खोली होती. मागच्या हौद्यात चाळीस डबल जास्वंदीच्या कुंड्या आणि त्यांच्या मधोमध आडव्या बांधलेल्या दोन सायकली. आत्याचा नियम साधा होता. रोपं आधी, सायकली नंतर. खड्डा आला की ती मागे वळून विचारायची, "जास्वंद बरी आहे का बघ गं."

मागच्या सीटवर आफरीन जमादार डोळ्यांवर टोपी ओढून झोपली होती. निदान झोपल्यासारखी पडली होती. तिचे पाय केतकीच्या मांडीवर, आणि केतकीच्या हातात तिची ती प्रसिद्ध वही. केतकी चौगुले आमच्याच वर्गातली. जूनमध्ये सायकलवरून पडून तिच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती शर्यतीत नव्हती. मग तिने वही घेतली. कोण कुठल्या वळणावर किती वाजता पोचलं, सगळं लिहायची. ते पुढे कुणी वाचायचं नाही, तीसुद्धा नाही. पण लिहायची.

हे दोन वर्षांपूर्वीचं. आता मी अकरावीत आहे आणि सायकल परत बाहेर काढली आहे. तेव्हा मी नववीत होते, आणि आईने स्पष्ट सांगून ठेवलं होतं: "दिवाळी झाली की सायकल माळ्यावर. दहावी पार पडेपर्यंत खाली येणार नाही. रडून बघ, ओरडून बघ, मामाला मध्ये घालून बघ." तिन्ही करून झालं होतं. म्हणजे आजऱ्याची ही सहावी शर्यत माझ्यासाठी शेवटची होती.

आणि मला त्या शर्यतीत एकच गोष्ट हवी होती. बाहेर काढलं जायचं नव्हतं.

आता हे नीट सांगायला हवं. सायक्लोक्रॉस म्हणजे डांबरावरची शर्यत नव्हे. माळ, चिखल, वाळू, पायऱ्या, असलं सगळं घेऊन दोन-अडीच किलोमीटरची एक फेरी आखतात आणि तुम्ही तिच्यात गोल गोल फिरायचं. जिथे चालवता येत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. माझ्या बाबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते म्हणाले, "ही सायकल तुला नेते का तू सायकलला?" मुलींच्या सहा फेऱ्या. पण त्यात एक वाईट नियम आहे. सगळ्यात पुढची मुलगी एक अख्खी फेरी जास्त मारून मागून आली आणि तुम्हाला ओलांडून गेली, की तुमची शर्यत संपली. पुढच्या वळणावर शिट्टी घेऊन मांगलेकर सर उभे असतात. फुर्रर्र! हात करून तुम्हाला दोरीच्या बाहेर बोलावतात. निकालात तुमच्या नावापुढे आकडा येत नाही. नुसतं "बा." येतं. बाहेर.

तासगाव, विटा, कराड, जयसिंगपूर, कागल. पाच गावं, पाच रविवार, पाच "बा." प्रत्येक गावचा चिखल वेगळा. तासगावचा काळा, चाकाला पुरणासारखा चिकटणारा. कागलचा भुसभुशीत. शिट्टी मात्र सगळीकडे तीच. वर्गात मुलं मला "बा. आवटी" म्हणायला लागली होती. मीही हसायचे. हसण्यात मी पहिल्यापासून पहिली.

आणि पाचही वेळा मागून येऊन मला ओलांडणारी मुलगी कोण? ही, जी मागे टोपी ओढून झोपली होती ती.

"आफरीन," केतकी म्हणाली, "आज तरी हिला बाहेर काढू नकोस. बिचारीची शेवटची आहे."

टोपीखालून आवाज आला, "बघू."

"बघू काय? मैत्रीण आहे तुझी."

"मग तिला सांग की जोरात चालव."

आत्या खो खो हसली. मीही हसले. पण आदल्या संध्याकाळी आफरीनने फोनवर मला काय सांगितलं होतं ते केतकीला माहीत नव्हतं. फोन ठेवता ठेवता ती एकदम गंभीर आवाजात म्हणाली होती, "दुर्वा, उद्या तुझं नाव निकालात यायलाच पाहिजे हं. आकड्यासकट." आफरीन असं बोलणारी मुलगी नाही. तिचं कौतुक म्हणजे "ठीक होतं." त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर राहिलं.

तिचंही त्या दिवशी मोठं काम होतं. सहा शर्यतींच्या गुणांत पहिल्या येणाऱ्या मुलीला राज्याच्या शिबिरात बोलावणार होते. आफरीन आणि कोल्हापूरची एक मुलगी, नाव समृद्धी, दोघींचे गुण सारखे. समृद्धी नेहमी नारिंगी जर्सी घालायची, लांबून पेटल्यासारखी दिसायची. दोघींतली आज जी पुढे ती शिबिरात.

आजऱ्याच्या अलीकडे एका माळावर फेरी आखली होती. जांभ्याचा माळ, तांबडी माती, रात्री पाऊस पडून गेलेला. ऑक्टोबरचा तो परतताना लाथ मारून जाणारा पाऊस. आम्ही पायी एक फेरी मारली. सुरुवातीला गवत. मग उड्या मारायच्या दोन फळ्या. मग नाला, गुडघाभर नाही पण पोटरीभर चिखल. मग काजूच्या झाडांमधून नागमोडी वाट. मग पाण्याच्या टाकीकडे चढणाऱ्या जांभ्या दगडाच्या बावीस पायऱ्या, सायकल खांद्यावर. टाकीला वळसा आणि उतार, थेट शेवटच्या रेषेपर्यंत. टाकीपलीकडच्या वळणावर काजूच्या सावलीत मांगलेकर सर शिट्टी गळ्यात घालून शेंगा खात होते.

"आलीस का, आवटी?" ते म्हणाले. "आज कितव्या फेरीला भेटायचं?"

"आज भेटायचं नाही सर."

"असं? बरं. मग या शेंगा माझ्या मलाच."

सुरुवात झाली. एकोणीस मुली. पहिल्या फेरीत, पहिल्याच फळीपाशी, एका मुलीचं हँडल माझ्या हँडलमध्ये अडकलं आणि आम्ही दोघी आडव्या. माझी चेन उतरली. ती बसवायला गेले, तर बसतच नव्हती. सगळ्या गेल्या. शेवटची मुलगीसुद्धा गेली. मी चेन बसवली, उठले, आणि पुढे मोकळा माळ. दिसायला कुणी नाही. मला वाटलं, झालं. आज तर तिसऱ्याच फेरीला शेंगा.

पण कधी कधी रागाने पाय चांगले चालतात. दुसऱ्या फेरीत मी दोघींना मागे टाकलं. तिसऱ्या फेरीत आणखी तिघींना. नाल्यात सगळ्या उतरून पळत होत्या, मी चालवतच गेले. का गेले माहीत नाही. उतरायला वेळ नव्हता एवढंच. चिखल गुडघ्यापर्यंत उडाला, मागचं चाक सापासारखं वळवळलं, पण पलीकडे निघाले. नाल्याच्या काठावर घड्याळ आणि वही घेऊन उभी असलेली केतकी किंचाळली, "दुर्वाऽऽ! हे काय चाललंय तुझं!" म्हणजे चांगलं चाललं होतं.

चौथी फेरी संपवून मी रेषा ओलांडली आणि पाचवीला लागले. आणि माझ्या मागे, दहा-पंधरा सेकंदांतच, घंटा वाजली.

घंटा म्हणजे सगळ्यात पुढच्या मुलीची शेवटची फेरी सुरू. म्हणजे आफरीन माझ्यापेक्षा जवळजवळ एक अख्खी फेरी पुढे होती आणि आता बरोब्बर माझ्या पाठीवर होती. पण एवढंच उरलं होतं ना! ही एक फेरी. या फेरीत तिने मला ओलांडलं नाही, तर ती रेषेवर पोचेल तेव्हा मी मैदानातच असेन. नावापुढे आकडा. कितवाही. चौदावा असू दे.

मी पळाले. फळ्यांवरून उड्या मारल्या. गवतातून नाल्यात. नाल्यात उतरतानाच मला तो आवाज आला. आफरीनच्या मागच्या चाकाचा आवाज मी झोपेतही ओळखेन. पायडल थांबवलं की टर्रर्र करतं, नाकतोड्यासारखं. पाच रविवार तो आवाज मागून आला होता, आणि त्याच्यामागून तिचा शब्द: "बाजूला!" एकदा. दुसऱ्यांदा म्हणायची वेळच यायची नाही. मी बाजूला, ती पुढे, फुर्रर्र.

मी वाट बघत राहिले. आता म्हणेल. आता.

नाला संपला. काजूची झाडं सुरू झाली. शब्द आलाच नाही.

मी मागे बघितलं. आफरीन माझ्यापासून फार तर दहा हात. तोंड चिखलाने लाल, डोळे खाली, माझ्या मागच्या चाकाकडे. आणि तिच्या मागे, झाडांच्या पलीकडे, नारिंगी काहीतरी हललं.

मी आणखी दोन वळणं घेतली. परत बघितलं. दहा हातच. नारिंगी मात्र जवळ आलेलं.

आणि मला सगळं कळलं. म्हणजे, मला वाटलं की कळलं. फोनवरचं ते वाक्य. केतकीला दिलेलं ते "बघू." आफरीन मला ओलांडत नव्हती. माझं नाव आकड्यासकट यावं म्हणून ती माझ्या मागे मागे चालवत होती, आणि तिकडे समृद्धी तिला गाठायला निघाली होती. माझ्या चौदाव्या नंबरापायी हिचं शिबिर जाणार होतं!

"आफरीन, जा!" मी ओरडले.

मागून नुसता श्वास. मोठा, फाटल्यासारखा.

"अगं जा ना! ती आली मागून!"

तिने एकदा डोळे वर केले, माझ्याकडे बघितलं, परत खाली घातले. काय हट्टी मुलगी! मला रडू आणि प्रेम एकदम आलं. चौदाव्या वर्षी हे असं एकदम येतं.

पायऱ्या आल्या. उतरले, सायकल खांद्यावर टाकली आणि पळाले. एक, दोन, तीन. मागे तिचे बूट दगडावर. बावीस पायऱ्या मी काय काय विचार करत चढले ते इथे लिहीत नाही, माझं मलाच हसू येतं. वर पोचले. टाकीचा वळसा समोर होता, त्यानंतर नुसता उतार. दीड मिनिटाचं काम. पाच रविवार ज्याची वाट बघितली ते दीड मिनिट.

मी डावीकडे झाले, दोरी उचलली आणि सायकलसकट बाहेर जाऊन उभी राहिले.

आफरीन वर आली. जाताना तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे एवढे मोठे. ती नजर मी मनात घडी घालून ठेवली. ही आयुष्यभर पुरेल, असं वाटलं मला. मग ती सायकलवर चढली आणि उताराला लागली. मागून नारिंगी आली, गेली.

मांगलेकर सर वीस पावलांवर होते. शिट्टी त्यांच्या तोंडात नव्हतीच. ते माझ्याकडे आले.

"चेन तुटली?"

"नाही सर."

"लागलं कुठे?"

"नाही."

"मग?"

"असंच."

"असंच?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग परत माझ्याकडे. खिशातून कागद काढून माझ्या नावापुढे लिहिलं. काय लिहिलं ते बघायची गरज नव्हती.

आफरीन चार सेकंदांनी जिंकली.

तिला सगळ्यांनी उचललं, तिच्या भावाला फोन लावला, फोनवरच तिची अम्मी रडली. मी गर्दीत घुसून तिला मिठी मारली आणि कानाजवळ थांबले. आता म्हणेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं: "त्यात काय गं." अगदी सहज, खांदे उडवून. म्हणजे मी केवढं मोठं काहीतरी केलंय ते फक्त आम्हा दोघींनाच कळेल.

आफरीन म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

"मी? मी एकदम ठीक."

"बरं." आणि ती वळून पाणी प्यायला गेली.

मला वाटलं, गर्दी आहे. गाडीत बोलेल.

गाडीत ती बोलली नाही. माळ मागे पडला, ऊस सुरू झाला, पूल गेला. ती खिडकीला टेकून बाहेर बघत होती. शिबिराची बातमी डोक्यात असलेली मुलगी अशी बसते? केतकी एकटीच बोलत होती. शिबिरात जेवायला काय देतात, तिथे नागपूरच्या मुली कशा असतात. आत्याने एकदा आरशातून मागे बघितलं आणि विचारलं, "कुणी मेलंय का गं?"

"नाही आत्या," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

माझा पाय हलायला लागला. मी पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत होते आणि आतल्या आत फुगत होते. पहिली दहा मिनिटं मी थोर होते. पुढच्या दहा मिनिटांत मी बिचारी झाले. गडहिंग्लज येईपर्यंत माझा संताप संताप झाला होता. एक शब्द! मी दीड मिनिटावर आलेलं सगळं हिच्यासाठी सोडलं, आणि हिला एक शब्द जड? माझ्या आईने सायकल माळ्यावर टाकली की मग सुचणार का हिला?

गडहिंग्लजला एका शाळेत जास्वंद उतरवायची होती. रविवार म्हणून शाळा बंद, पण शिपाईमामांनी फाटक उघडून दिलं आणि झाडांना पाणी घालायचा पाइपही दिला. "पोरींनो, सायकली धुऊन घ्या," आत्या म्हणाली. "माझ्या गाडीत तांबडा रस्सा झालाय नुसता."

आफरीनने पाइप धरला. मी सायकल धरली. केतकी फडक्याने चेन पुसायला खाली बसली. पाणी लाल होऊन कुंपणाकडे वाहायला लागलं. मला राहवेना.

"एक शब्द बोलली असतीस तरी चाललं असतं," मी म्हणाले.

"कसला शब्द?"

"थँक्यू वगैरे."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल! आफरीन, मी तुझ्यासाठी बाहेर झाले!"

तिच्या हातातला पाइप खाली झुकला. पाणी तिच्या बुटावर पडत होतं, तिला पत्ता नव्हता.

"माझ्यासाठी?"

"मग काय हौस म्हणून? तू मला ओलांडायलाच तयार नव्हतीस. मुद्दाम हळू चालवत होतीस. मला सगळं कळलं होतं. समृद्धी आली मागून, म्हणून मग मीच–"

"मी हळू चालवत होते?"

"हो!"

"मी?" ती एवढ्या जोराने ओरडली की शिपाईमामा बाहेर डोकावले. "केतकी, वही काढ."

"आत्ता? माझे हात बघ केवढे–"

"वही काढ गं!"

केतकीने हात पँटला पुसले, गाडीतून वही आणली, पानं उलटली.

"माझी शेवटची फेरी. नाल्यापासून पायऱ्यांपर्यंत. किती?"

केतकी घड्याळ घेऊन नाल्याच्या काठावर उभी असायची, तिथून पायऱ्याही दिसायच्या. तिने बोट फिरवलं. "दोन मिनिटं अकरा सेकंद."

"त्याच्या आधीची?"

"दोन एकोणीस. त्याच्या आधीची दोन अठरा." केतकीने मान वर केली. "अगं, म्हणजे शेवटची तुझी सगळ्यात जोरात झालीय."

"ऐकलंस?" आफरीन माझ्याकडे वळली. "हळू म्हणे. जीव काढला मी तिथे. नाल्यापासून तुला गाठायला बघतेय, गाठताच येईना. मला वाटलं माझ्या चाकात हवा नाही. मला वाटलं ही दुर्वा नाहीच, दुसरीच कुणीतरी बसलीय सायकलवर. ओठ फुटला माझा, बघ हा." तिने खालचा ओठ बाहेर काढून दाखवला. खरंच फुटला होता.

"मग 'बाजूला' का नाही म्हणालीस?"

"म्हणायला श्वास नको?"

"आणि मी 'जा, जा' म्हणत होते तेव्हा?"

"मला वाटलं तू चिडवतीयस मला!"

केतकीला हसू फुटलं. आफरीनला नाही. ती माझ्याकडे बघत होती, तशीच, डोळे मोठे करून. टाकीपाशी बघितलं होतं तसंच. आणि तेव्हा मला कळलं की मी घडी घालून ठेवलेली ती नजर माझे आभार मानणारी नव्हतीच.

"वर येऊन बघते," ती म्हणाली, "तर तू दोरीच्या पलीकडे उभी. हातपाय धड. मला वाटलं, हिने सोडून दिलं. दीड मिनिट राहिलं होतं आणि सोडून दिलं. मला एवढा राग आला तुझा, दुर्वा. तुझ्याशी बोलावंसंच वाटेना. जिंकल्याचासुद्धा आनंद होईना धड."

पाइपचं पाणी सुरूच होतं. सायकलची कधीच धुऊन निघालेली बाजू मी परत परत चोळत होते.

"माझी किती आहे?" मी शेवटी विचारलं.

"काय?" केतकी म्हणाली.

"तिथलीच. नाला ते पायऱ्या."

केतकीने पान उलटलं. मग ते पान परत मागे घेतलं. मग परत पुढे. ती वही डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागली.

"दोन अकरा," ती म्हणाली.

आफरीनने वाकून वहीत डोकावलं.

"मी लिहिते गं नुसतं," केतकी पुटपुटली. "वाचते कुठे."

मी तिच्या हातातून वही घेतली. तिच्या त्या तिरक्या अक्षरात, चिखलाचा थेंब पडलेला, आफरीनच्या आकड्याच्या पुढच्याच पानावर. दोन, टिंब, अकरा. दु. आ. मी तो आकडा वाचला. मग आफरीनचा वाचला. मग परत माझा.

आत्या दोन्ही हातांत दोन दोन कुंड्या घेऊन मघापासून मागे उभी होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"म्हणजे हिला गाठलंच नव्हतं?" तिने आफरीनला विचारलं.

"नाही आत्या."

"आणि तिथं ते शिट्टीवाले सर होते ना उभे?"

"होते," मी म्हणाले. "वीस पावलांवर."

"त्यांनी वाजवली?"

"नाही."

आत्याने कुंड्या एकेक करून शाळेच्या पायरीवर ठेवल्या. हात झटकले. माझ्याकडे बघून तिने असं तोंड केलं, जसं ती रोपाला जास्त पाणी घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून करते.

"लोकांनी शिट्टी वाजवायला माणूस ठेवलाय की तिथं," ती म्हणाली. "त्याचं काम तू कशाला केलंस?"